तीन महिन्यांचा रहिवासी

ख्रिस्तमंदिराच्या दारात प्रथमच उभा राहिलेला माणूस हा आपला पाहुणा असतो, अशी एक गोड समजूत आपल्या धर्मग्रामांतून रूढ आहे. ती समजूत आम्हांला मान्य नाही. पाहुणा म्हटला की यजमान आला, आणि यजमान आला की घर त्याचे, मर्जी त्याची; पाटावर बसवायचे की ओसरीवरूनच बोळवायचे हे ठरवणाराही तोच. देवाच्या घरात हे यजमानपण कोणाकडे आले, केव्हा आले आणि कोणी दिले? कोणाचे आजोबा रेल्वेच्या नोकरीनिमित्त मिरजेस आले, कोणाची आजी पाचगणीच्या एखाद्या शाळेत स्वयंपाकघर सांभाळण्यास आली; त्यांची नातवंडे आज पुढच्या बाकावर बसून मागे वळून पाहतात आणि 'हे कोण आले?' असे डोळ्यांनीच विचारतात. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत कॅथलिक माणूस बहुधा कोठून तरी आलेलाच आहे. कोणी गोव्याहून, कोणी मंगळूरहून, कोणी केरळातून, कोणी नगरकडून. काही जण आधीच्या गाडीने आले, काही नंतरच्या, एवढाच काय तो फरक.

कोणी म्हणेल, हा भावनेचा प्रश्न आहे. तसे नाही, हा कायद्याचा प्रश्न आहे, आणि कायदा ख्रिस्तसभेचा आहे. १९८३ साली प्रसृत झालेल्या कॅनन लॉचे १०२ वे कलम आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या कानांवर गेले असेल. एखाद्या धर्मग्रामाच्या हद्दीत निदान तीन महिने राहण्याच्या इराद्याने जो मुक्काम करतो, किंवा तसा इरादा नसतानाही जो प्रत्यक्षात तीन महिने राहतो, त्याला तेथे उप-अधिवास प्राप्त होतो, असे ते कलम सांगते. १०७ वे कलम पुढे जाऊन म्हणते की ज्याचा जेथे अधिवास वा उप-अधिवास आहे, तेथील धर्मगुरू हा त्याचा स्वतःचा धर्मगुरू होय. इतकेच नव्हे, ज्याला पृथ्वीच्या पाठीवर कोठेच घर नाही त्यालाही धर्मगुरू आहे. आज तो जेथे आहे तेथला. या कलमांत अर्जाचा उल्लेख नाही, वर्गणीचा नाही, जुन्या धर्मग्रामाच्या पत्राचा नाही, कार्डाचा नाही. इराद्याने आलेला माणूस पहिल्या दिवसापासून आपला आहे. आपण त्याला ओळखतो की नाही, हा आपला प्रश्न. त्याच्या हक्काला त्याने बाध येत नाही.

आता हे कलम हातात धरून वाचकांनी आमच्याबरोबर कृष्णाकाठच्या शिवारात यावे. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि बीड, नगर (आताचे अहिल्यानगर), जालना या भागांतून टोळ्या उतरू लागतात. रेठरे बुद्रुकचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, भुईंजचा किसन वीर, साखराळ्याचा राजारामबापू, सांगलीचा वसंतदादा. या कारखान्यांच्या तळांवर आणि गावोगावच्या शिवारांत कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत पाय बांधलेले. पहाटे फडात, दिवसभर तोडणी, मोळ्या बांधणे, डोक्यावरून गाडीत भरणे. गाडी रात्री आली तर भरणीही रात्रीच. रविवार असा वेगळा वार त्यांच्या पंचांगात नाही. हे चार-पाच महिने चालते, मग कारखान्याचा पट्टा पडतो आणि टोळ्या परततात.

या हजारो माणसांत आपली काही कुटुंबे असतात. नगर व संभाजीनगरकडील जुन्या मिशन गावांत ज्यांच्या आजोबांचा स्नानसंस्कार झाला, सप्टेंबरात जी पोरेबाळे घेऊन हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेस जातात, ज्यांच्या पेटीत जपमाळ असते, ती ही कुटुंबे. चार महिन्यांचा मुक्काम म्हणजे उप-अधिवास झालाच. म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत साताऱ्याच्या, कऱ्हाडच्या, सांगलीच्या, मिरजेच्या आसमंतातील ही कुटुंबे कायद्याने आपल्या धर्मग्रामांची सभासद असतात. नाताळ त्यांचा येथेच होतो, भस्माचा बुधवार बहुधा येथेच होतो. आणि आपल्या धर्मग्रामाच्या वहीत त्यांचे नाव नसते.

एका धर्मग्रामाची हकीकत आमच्या पाहण्यातली आहे. गावाचे नाव येथे घेत नाही. एक जोडपे सहा महिन्यांचे मूल घेऊन मिस्सा संपल्यावर कचेरीच्या दाराशी उभे राहिले. मुलाचा स्नानसंस्कार व्हावा, एवढीच विनंती. "कुठले तुम्ही?" "नगरकडचे, फादर आहेत का?" "तुमच्या फादरांचे पत्र आणले का? लग्नाचा दाखला? तुमचे दोघांचे स्नानसंस्काराचे दाखले?" बाईने पिशवीतून आधार कार्ड काढले. त्यावरचे नाव एक, तिने सांगितलेले नाव दुसरे. कचेरीतल्या गृहस्थांची भुवई वर गेली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलिताच्या सवलती काढून घेतल्या, तेव्हापासून किती घरांत कागदावर एक नाव आणि वेदीपाशी दुसरे असे दुहेरी जिणे चालले आहे, हे त्या गृहस्थांना ठाऊक नसावे, किंवा ठाऊक असूनही त्यांना त्याची गरज वाटली नसावी. पालकांचे वर्ग उन्हाळ्यात असतात, तेव्हा या, असे सांगून जोडप्याची बोळवण झाली. उन्हाळ्यात पट्टा पडलेला होता.

त्या गृहस्थांनी नियम पाळला, असा बचाव आमच्या कानी आला आहे. कोणता नियम? ८५७ वे कलम सांगते की बालकाचा स्नानसंस्कार सामान्यतः त्याच्या आईबापांच्या स्वतःच्या धर्मग्रामात व्हावा. त्या जोडप्याचा धर्मग्राम त्या क्षणी हाच होता. दाखले पाहणे आवश्यक आहे हे आम्ही नाकारीत नाही. परंतु दाखला मागवण्याची जबाबदारी कोयत्यावर टाकायची की ज्याच्या टेबलावर फोन आहे त्याच्यावर? मूळ धर्मग्रामास एक फोन केला असता तर वही उघडून नोंद वाचून दाखवायला पाच मिनिटे लागली असती.

येथे एक अप्रिय गोष्ट बोलणे भाग आहे. आपल्या मंदिरात येणारा प्रत्येक अनोळखी माणूस असा परतवला जात नाही. इंग्रजी मिस्सेला मोटारीतून उतरणाऱ्या नव्या अधिकाऱ्याचे कुटुंब दुसऱ्याच रविवारी वाचनासाठी व्यासपीठावर बोलावले जाते, तिसऱ्या रविवारी त्यांच्या घरी केक जातो. म्हणजे स्वागत कसे करावे हे आपल्याला येत नाही असे नाही, उत्तम येते. ते कोणाचे करायचे, याची निवड आपण करतो. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य आणि मळक्या वस्त्रांतला गरीब एकाच सभेत शिरतात आणि दोघांना दोन जागा मिळतात. तो अध्याय पहिल्या शतकातल्या कुठल्या दूरच्या मंडळीसाठी लिहिला गेला असे समजून आपण वाचतो. भारतीय कॅथलिक महागुरूंच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले आणि जातिभेद हे पाप आहे हे पुन्हा सांगितले. ते धोरण किती धर्मग्रामांत वाचले गेले, हा प्रश्न आम्ही विचारणार नाही. मागच्या बाकावर कोण बसते आणि का बसते, हा मात्र विचारू.

स्वागताच्या विरोधात जी कारणे सांगितली जातात, त्यांतली काही प्रामाणिक आहेत. देवाच्या घरी माणूस शांततेसाठी येतो, दारातच त्याला हटकू नये, असे काही ज्येष्ठ म्हणतात. खरे आहे. परंतु शांतता आणि दुर्लक्ष यांतला फरक नवख्याला प्रवेश करताक्षणीच कळतो. दुसरे कारण सुरक्षिततेचे. मंदिरांवर दगड पडल्याच्या बातम्या येतात, प्रार्थनासभांतून कोणी चित्रीकरण करून नेते, तेव्हा अनोळखी चेहऱ्याची भीती वाटणे स्वाभाविक आहे. पण विचार करून पाहावे: ज्याच्याशी कोणी बोलले, ज्याचे नाव-गाव विचारले, ज्याला शेजारी बसवले, तो माणूस अनोळखी राहत नाही. ज्याच्याशी कोणीच बोलले नाही, त्याच्याविषयीच सावध राहण्याची पाळी येते.

तिसरे कारण असे की हे सारे पंथवाल्यांचे उद्योग आहेत. घरोघर जाणे, पाठपुरावा करणे हे कॅथलिकांना शोभत नाही. या आक्षेपातली गंमत अशी की तो घेणारीच मंडळी पुढच्या श्वासात 'आमची मेंढरे पळवली' म्हणून तक्रार करतात. रात्री नऊ वाजता कोपीपाशी कंदील घेऊन जो जातो, आजारी पोराच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो, दुसऱ्या दिवशी पोराला दवाखान्यात नेतो, त्याच्या मागे ते कुटुंब गेले तर त्याने चोरी केली असे म्हणण्याआधी आपल्या कळपाची गणती आपण कधी केली होती, हे सांगावे लागेल. आणि घरोघर जाणे कॅथलिकांना शोभत नाही म्हणावे, तर ५२९ वे कलम धर्मगुरूला नेमके तेच करायला लावते: आपल्या माणसांना ओळखावे, त्यांच्या घरी जावे, गरिबांना, दुःखितांना, एकाकी लोकांना, मायभूमीपासून तुटलेल्यांना विशेष आस्थेने शोधून काढावे. शोधून काढावे, ते दारात येतील म्हणून बसून राहावे असे नाही.

चौथे कारण उघडपणे कोणी बोलत नाही, पण मनात सर्वांच्या असते. ही माणसे चार महिन्यांनी जाणार. त्यांच्यापायी वेळ घालवून धर्मग्रामाच्या पदरात काय पडणार? याचे उत्तर मिरजेत मिळते. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी तेथे मिशन रुग्णालय सुरू केले तेव्हापासून मिरज ही आजाऱ्यांची पंढरी झाली आहे. कर्नाटकातून, कोकणातून, सोलापूरकडून माणसे येतात; रुग्ण खाटेवर आणि नातेवाईक व्हरांड्यात. त्यातला एखादा कॅथलिक नातेवाईक रविवारी विचारत विचारत मंदिर शोधतो, शेवटच्या बाकावर बसतो, डोळे पुसतो आणि निघून जातो. पुढच्या रविवारी तो नसतो. रुग्ण बरा होऊन घरी गेला असेल, किंवा नसेल. तो आपल्या वहीत कधीच येणार नाही, आपल्या बांधकाम निधीला एक रुपया देणार नाही. पदरात काही पडण्याचा हिशोब ठेवला तर त्याच्याशी बोलण्याचे एकही कारण उरत नाही. आणि कोणी त्याला 'कोणत्या वॉर्डात आहेत?' एवढे विचारले असते, तर त्या दुपारी रुग्णाला ख्रिस्तप्रसाद मिळाला असता.

केरळच्या परिचारिकांबद्दलही हेच. त्यांचा कल्याणचा सिरो-मलबार धर्मप्रांत १९८८ मध्ये झाला, तेव्हा त्यांची काळजी तिकडे, असे म्हणून आपण मोकळे होतो. रात्रपाळी करून, झोप डोळ्यांवर घेऊन सकाळच्या मिस्सेला येणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलीला कल्याण किती दूर आहे, हे नकाशात पाहावे.

आता दुसऱ्या टोकाला वळू. अलीकडे काही ठिकाणी स्वागताचा उत्साह असा उफाळून येतो की त्यापेक्षा दुर्लक्ष परवडले. मिस्सेच्या शेवटी 'आज जे प्रथमच आले आहेत त्यांनी कृपया उभे राहावे' अशी घोषणा होते, गुलाबाचे फूल मिळते, टाळ्या होतात, एक छापील फॉर्म हातात येतो आणि त्यावरचा मोबाईल क्रमांक संध्याकाळपर्यंत तीन व्हॉट्सअ‍ॅप समूहांत पोहोचतो. मग दररोज पहाटे सुविचार. दुखावलेला माणूस, वर्षानुवर्षे संस्कारांपासून दूर राहून आज धीर करून आत आलेला माणूस, नवऱ्याच्या नकळत आलेली बाई, यांना भर सभेत उभे करणे याला आम्ही स्वागत म्हणत नाही. विमा विकणाऱ्याचा पाठपुरावा आणि मेंढपाळाचा पाठपुरावा यांत फरक आहे. पहिल्याला नवा गिऱ्हाईक हवा असतो. दुसऱ्याला चुकलेल्याची काळजी असते.

याबाबतीत शिकायचेच झाले तर दूर जायला नको. ज्ञानदेवांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंदला मुक्काम करते, तरडगावावरून फलटणला जाते. त्या दिवसांत लोणंदच्या घराघरांतून चुली पेटतात. कोण आला, कोणत्या जातीचा, पुन्हा येणार की नाही, हे कोणी विचारीत नाही. जो येतो तो माउली. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, आणि आधी कोण वाकला याची नोंद कोणी ठेवीत नाही. शिवाय दिंडी दरवर्षी त्याच घरी उतरते. गेल्या वर्षीची म्हातारी यंदा का दिसत नाही, हे घरची बाई आपणहून विचारते. पाठपुरावा म्हणतात तो हा. त्यासाठी लोणंदला समिती नेमावी लागली नाही. साताऱ्यातच कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले आणि धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे आपल्या मुलांना आपण शाळेत शिकवतो. ते ख्रिस्ती नव्हते; परक्याच्या पोराला पानावर बसवताना त्यांना प्रथम पत्र मागावेसे वाटले नाही.

आपल्या परंपरेतही या गोष्टी आहेत. संत बेनेडिक्टच्या नियमावलीचा त्रेपन्नावा अध्याय पाहुण्याला ख्रिस्त समजून घ्यायला सांगतो, हे पुष्कळांना माहीत असते. सहासष्टावा अध्याय मात्र कमी वाचला जातो. मठाच्या दाराशी एक शहाणा वृद्ध बसवावा, असे तो सांगतो. ज्याला निरोप घेता येतो, उत्तर देता येते, आणि वयोमानामुळे जो इकडेतिकडे भटकत नाही. दारावर थाप पडताच त्याने देवाचे आभार मानावेत. आम्हांला हा वृद्ध फार आवडतो. निवृत्त झालेले शिक्षक, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड, मुले पुण्या-मुंबईस गेलेल्या आजीबाई प्रत्येक धर्मग्रामात आहेत. रोमन मिस्सा ग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांतही दाराशी भाविकांना भेटून जागा दाखवणाऱ्यांचा उल्लेख उपासनेतील सेवकांत केलेला आहे. म्हणजे ही फावल्या वेळची हौस नव्हे. वाचकाइतकीच, गायकवृंदाइतकीच ती उपासनेची सेवा आहे.

दारात येणाऱ्यांत बिगरख्रिस्ती जिज्ञासूही असतात, आणि त्यांच्याबद्दलची आमची भूमिका निराळी आहे. कॅथलिक कुटुंबाच्या कोपीवर जाणे हे आपले कर्तव्य. जिज्ञासूच्या घरी त्याने बोलावल्याशिवाय जाऊ नये. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ च्या 'आद जेन्तेस' या आदेशात कोणावर श्रद्धेची सक्ती करण्यास, आमिष दाखवण्यास स्पष्ट बंदी केली आहे. आजच्या दूषित हवेत तर हे पथ्य दुप्पट पाळावे. त्याला बसायला जागा द्यावी, हातात गीतांचे पुस्तक द्यावे, विचारले तर उत्तर द्यावे, आणि वाट पाहावी. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाने नवा करार दिला. त्यांचा बाप्तिस्मा झाला १८९५ च्या फेब्रुवारीत. मधली दोन वर्षे त्यांची आणि देवाची होती. त्याच टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, साताऱ्याला 'देवाचा दरबार' भरवला; त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसावेत अशी त्यांची कल्पना होती. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले आणि प्रयोग अपुरा राहिला. त्यांच्या ख्रिस्तसभाविषयक विचारांशी आम्ही सर्वस्वी सहमत नाही. स्नानसंस्कार ऐच्छिक ठरवता येत नाही. पण साताऱ्याच्या मातीत शंभर वर्षांपूर्वी एका कवीने दार इतके सताड उघडले होते, आणि त्याच गावात आज आपण कार्ड मागतो, ही तुलना आम्हांला बोचते.

मग करायचे काय? नगर-संभाजीनगरकडील धर्मगुरूंना ऑक्टोबरातच ठाऊक असते की कोणती कुटुंबे कोणत्या मुकादमाबरोबर कोणत्या कारखान्याला निघाली. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात फिबीची शिफारस केली आहे. तशी दोन ओळींची चिठ्ठी त्यांनी इकडे धाडावी. ती न आली तर आपण फोन करून मागावी. तळावर जाताना दोघांनी जावे, त्यांत एक बाई असावी, बोलणे मराठीतून व्हावे, आणि पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसू नये, कारण ती माणसे थकलेली असतात. नावे विचारावीत, पोरांची वये विचारावीत, कोणी आजारी आहे का ते पाहावे, गाडी कोणत्या रात्री नसते ते समजून घ्यावे. उपदेश करू नये. पंधरा दिवसांच्या आत पुन्हा जावे. आमच्या अनुभवाने माणूस पहिल्या भेटीत सावध असतो, बोलतो तो दुसऱ्या भेटीत. सकाळी साडेआठच्या मिस्सेला ते येऊ शकत नसतील तर महिन्यातून एकदा रात्री तळावरच मिस्सा व्हावी. मूल असेल तर वर्ग कोपीत घ्यावेत. परत जाताना त्यांच्या धर्मगुरूंना आपण चिठ्ठी लिहावी: अमुक मुलाचा स्नानसंस्कार येथे झाला, अमुक आजी येथे वारली, तिचे दफन येथे झाले.

खर्चाचा प्रश्न निघेलच, तेव्हा त्याचेही सांगून टाकतो. सांगलीहून साखराळ्याला मोटारसायकलने जाऊन येण्यास लागणारे पेट्रोल हे नाताळच्या रोषणाईतल्या एका माळेपेक्षा स्वस्त पडते. पहिल्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास तळावर उतरतील. त्याआधी प्रत्येक धर्मग्रामातून निदान दोन घरांनी आपली नावे धर्मगुरूंकडे द्यावीत, आणि ज्यांच्याकडे कंदील किंवा चांगली बॅटरी असेल त्यांनी तीही. तळावर रात्री दिवे नसतात आणि वाटेत उसाच्या गाड्यांनी पाडलेले खड्डे फार आहेत.